मानमोडीच्या सालातली दंडार

भाऊ, तुमची तेरवी अजून व्हायची आहे आणि मी परवा तोंडाला रंग लावून नाटक करून आले. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल. आल्यापासून एका जागी बसवत नाही. चहा टाकते, तो उकळून उकळून काळा होतो, मग मोरीत ओतून देते. उगाच कडी काढून रस्त्यावर पाहून येते. भांडायचं माणूस गेलं की अंगाला असंच होतं का, हे विचारायलाही तुम्हीच पाहिजे होते.

पहिल्या ओळीलाच तुम्ही टोकलं असतं, ठाऊक आहे मला. "बाई, नाटकातली मराठी कायले लिहून राह्यल्या? घरच्यावानी बोला ना." बोलता येतं हो घरच्यासारखं. पण उभी उमर तुमच्या तोंडची वाक्यं कानात घेतली आणि लोकांपुढे टाकली. आता कागद पुढे घेतला की वाक्य तुमच्याच आवाजात येतं, मी काय करू?

तुमच्या मातीला तो पुण्याचा भाचेजावई आला होता. स्मशानातून परतताना मला विचारतो, "मामा प्रॉम्प्टर होते म्हणजे नक्की काय करायचे?" मी सांगितलं. आपल्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत रोज वेगळं गाव, कधी तर रोज वेगळं नाटक. दिवसा गाडीत झोपायचं, संध्याकाळी रंग लावायचा. तालमीला वेळ कोणाला? म्हणून स्टेजच्या पुढे, लोकांकडे पाठ करून, एक माणूस संहिता घेऊन बसतो. राजाचं, राणीचं, चोराचं, सगळ्यांचं वाक्य आधी तो बोलतो, मग आम्ही उचलतो. पुढच्या सतरंजीवरच्या लोकांना त्याचा शब्द न शब्द ऐकू जातो, पण झाडीतला प्रेक्षक तो आवाज कानाआड टाकतो आणि फक्त आमचा ऐकतो. जावई म्हणाला, "लोकांना त्रास नाही होत?" मी म्हटलं, "नाई हो. त्यायच्या लेखी तिथी कोणी बसलाच नसते." म्हणून गेले आणि मग तोंडावर पदर घेतला. बिचारा जावई घाबरला. त्याला वाटलं त्याचंच काही चुकलं.

असा तो न ऐकू येणारा आवाज घेऊन तुम्ही मागच्या उन्हाळ्यात माझ्या वडशाच्या घरी आलात, आणि म्हणालात, "बाई, मी नाटक लिवलो." मला हसू आवरेना. दुसऱ्यांची नाटकं वाचून वाचून तुमचे डोळे गेले, आणि आता तुम्ही नाटककार. तुम्ही रागावला नाहीत. कूलरसमोर बसलात, लिंबाचं पाणी प्यालात आणि संहिता उघडून, वाचत वाचत, एकोणीसशे अठराचं साल माझ्या पुढ्यात मांडायला लागलात.

ते साल तुमच्या बाबांनी पाहिलेलं. लहान पोर होते तेव्हा, पण विसरले काही नव्हते. त्या साली पाणी अर्ध्यातच गेलं. बोडीच्या तळाशी गुरांना प्यायला गढूळ पाणी उरलं आणि धान पोटरीत येता येता पिवळं पडलं. जिनसा महाग झाल्या, का तर साहेब लोकांची लढाई सुरू होती. ही लढाई कुठे आहे, कोणाची आहे, गावात कोणाला माहीत नव्हतं. जंगल उपाशी, म्हणून बिबट दिवसाढवळ्या गोठ्याशी येऊन बसायचा. लोक मोहफुलं उकडून दिवस काढत होते. आणि मग दसऱ्याच्या आगेमागे ताप आला. मानमोडी. सकाळी मान दुखते म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी मान टाकायचा. जो पाणी पाजायला बसला तोही त्याच खाटेच्या बाजूला आडवा व्हायचा. रानात लाकूड मोप, पण तोडायला आणि उचलायला हात नाहीत. जे थोडं धान वाचलं होतं ते उभ्याउभ्याच झडून गेलं.

"एका नाटकात किती मारसान भाऊ?" मी म्हटलं. "लोक शेंगदाणे खाऊन हसाले येतात."

"मी कुठी मारून राह्यलो? त्या सालानंच मारले. मी त निस्तं सांगून राह्यलो."

तुमच्या आजोबांची गोष्ट मात्र मला ऐकताक्षणी आवडली. ताप त्यांना शिवला नाही, का ते देवालाच माहीत. ते रोज सकाळी गल्लीतून जायचे. घरात शिरायची सोय नव्हती, म्हणून माणूस आहे की गेला ते पाहायला दारातूनच नाव घेऊन हाक मारायचे, "सोनबा, हाव का?" आतून "हाव" आलं की पुढच्या दारी. नाही आलं की समजायचं. तुमच्या बाबांना आपल्या आईचं मरण असंच कळलं, आजोबांनी आपल्याच दारात उभं राहून हाक मारली आणि आतून उत्तर आलं नाही तेव्हा. हे वाचताना तुमचा आवाज हलला नाही. दुसऱ्याचं वाक्य वाचावं तसं वाचलंत. तुम्हाला सगळंच तसं वाचायची सवय.

इथवर ठीक होतं. आपलं वाजलं ते शेवटच्या प्रवेशावरून.

आपली ही नाटकं येण्याआधी गावोगाव दंडार व्हायची. दिवाळी झाली की ढोलकी वाजायची, गावचेच पुरुष सोंगं घ्यायचे, गावचेच लोक आखराच्या मैदानावर बसून पाहायचे. तुमचं म्हणणं, त्या साली तुमच्या गावात माणसं मरून संपत आली होती आणि तरी दंडार झाली. का झाली, तर एका चुकीपायी. साहेब लोकांची लढाई संपली, आपण जिंकलो, अशी दवंडी द्यायला कोतवाल डफडं घेऊन आला. रिकाम्या गल्लीतून वाजवत गेला. घराघरात पडलेल्या लोकांनी वाद्य ऐकलं आणि त्यांना वाटलं दंडारीची हाक आली. ज्यांना चालता येत होतं ते भिंत धरून धरून आखरावर आले. जिंकल्याचं कोणी ऐकलंच नाही. एकमेकांकडे पाहत राहिले, कोण आहे आणि कोण नाही. आणि आलोच आहोत तर, म्हणून उभे राहिले. जो गेला त्याची जागा मोकळी ठेवली. त्या मोकळ्या जागेचं बोलणं तुमच्या आजोबांनी बाजूला बसून, मोठ्यानं बोलून दिलं. तुमच्या घरातली प्रॉम्प्टरकी तिथून सुरू झाली, असं तुम्ही म्हणालात.

मी म्हटलं, खोटं आहे.

"सुतकात गाव बुडालं आणि लोक नाचाले उभे राह्यले? कोण मानन?"

"नाचाले नाई बाई. उभे राह्याले."

"आन् डफड्याचा आवाज वेगळा, ढोलकीचा वेगळा. आपल्याकडचं शेंबडं पोट्टं ओळखते. सारं गाव कसं फसलं?"

तुम्ही त्यावर काहीतरी म्हणालात, मी ऐकलंच नाही. माझी आजेसासू सांगायची, त्या साली आमच्या गावात ढोलकी खुंटीवरून कोणी काढलीसुद्धा नाही, उंदरांनी तिचं कातडं खाल्लं. ते मला खरं वाटायचं. मेलेल्याची काही चाड असते की नाही? नाटक खळ्यावर संपवा, मी सांगितलं. मी करायची ती गंगू रिकाम्या खळ्यात एकटी उभी आहे, धान नाही, घरचं माणूस नाही, पडदा. बाया पदर डोळ्याला लावतील. त्यापुढे काही नको. आणि तुम्ही लिहिलं होतं की शेवटी प्रॉम्प्टरनं आपल्या जागेवरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचं. गल्लीतली ती हाक पुन्हा मारायची. जिवंत "हाव" म्हणणार, मेलेल्यांच्या नावाला शांतता. मग आजोबांसारखं त्यानंच मेलेल्यांचं बोलणं बोलायचं.

"प्रॉम्प्टर लोकायले आयकू आला म्हणजे नाटक पडलं," मी म्हटलं. "आन् थे शांतता कोण आयकन? लोक चपला शोधत उठतीन."

"एक डाव करून पाहू."

"म्हातारपणी हिरो व्हायचं सुचलं काय भाऊ?"

तुम्ही हसलात. पण नेहमीसारखे नाही. तेव्हा मी लक्ष दिलं नाही, माझी चपाती तव्यावर होती. आता तेच हसणं समोर येतं आणि मी खोलीभर फिरते. सारी उमर सगळ्यांची वाक्यं तुम्ही बोललात आणि एकही लोकांनी ऐकलं नाही. एकदा, फक्त एकदा, ऐकू जावं असं तुम्हाला वाटलं असेल का? तसं सरळ म्हणायचं ना. आपण इतक्या गोष्टींवर भांडलो, चटणीतल्या मिठावरून भांडलो, गाडीतल्या खिडकीच्या जागेवरून भांडलो. एवढं एक वाक्य तुम्हाला बोलता आलं नाही. मंडळ माझ्या नावावर, म्हणून शेवटचा शब्द माझा. मी तो प्रवेश काढून टाकला. नाटक लावलं, पहिला प्रयोग तुमच्याच गावात ठरवला, तुमची समजूत काढायला. तुम्ही म्हणालात, "ठीक आहे बाई, तुमची मर्जी. तिथी गेल्यावर पाहू."

तिथे जायच्या आधीच तुम्ही गेलात. दुपारी जेवून, पान लावता लावता. तुमच्या सुमननं फोनवर सांगितलं, "बाबा गेले," आणि मी मूर्खासारखी विचारते, "कुठी?"

प्रयोगाचा दिवस तेरवीच्या आत येत होता. त्या दिवशी सकाळी गावचे लोक मला भेटायला आले. तुमच्या अंगणात, तुमच्याच खाटेवर मी बसले होते. स्टेज बांधून झालं होतं, लेकीबाळी माहेरी आल्या होत्या, घरोघर पाहुणे. तरी ते म्हणाले, "बाई, तुमी म्हणसान तसं. तुळशीरामभाऊ आमचाच माणूस." मी म्हटलं, नाटक रद्द. मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. तुमची माती ओली असताना मी तुमच्या गावात रंग लावून उभी राहू? सुमन दाराशी उभी होती. ती म्हणाली, "बाई, बाबाले विचारलं असतं त काय म्हणले असते?" मी तिच्यावर खेकसले. म्हटलं, तुझा बाप काहीही म्हणला असता, मी नाही करत. ती म्हणाली, "तुमची मर्जी." तुमच्यावरच गेली आहे पोरगी.

मग मी मंडळाची गाडी पाठवली. भोंगा लावून आजूबाजूच्या साऱ्या गावांना सांगून ये, आजचं नाटक होणार नाही, प्रॉम्प्टर वारले. गाडी दुपारभर फिरली. दुरून शेतांवरून भोंग्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मी तुमच्या अंगणात येरझाऱ्या घालत होते.

ऊन उतरलं आणि लोक यायला लागले, भाऊ.

आधी एक बैलबंडी आली. मग मोटारसायकली, एकेकीवर तिघं तिघं. बाया चटया काखेत मारून, पोरांना शाली गुंडाळून. मी धावत स्टेजकडे गेले. पुढच्या जागेवर सतरंजी अंथरून एक म्हातारी ऐसपैस बसली होती. मी म्हटलं, "आजी, गाडी नाई आली का तुमच्या गावात?"

"आली ना. भोंगा वाजला म्हणून त निंगालो."

"अवो, नाटक नाई म्हणून सांगून राह्यला होता थो."

"असं म्हणे काय? आमी कुठी आयकलो. दरसाली भोंगा नाटकाचाच राह्यते." मग सरकून तिनं मला बाजूला जागा केली. "बस बाई. आलोच हावो त बसतो जराक."

मी तिथेच खाली बसले. मला तुमचा राग आला, खरं सांगते, इतका राग आला की तुम्ही समोर असता तर संहिता फेकून मारली असती. डफडं आणि ढोलकी कशी ओळखली नाही, असं मी तुम्हाला विचारलं होतं ना? आणि तुम्ही काहीतरी म्हणाला होतात, मी ऐकलं नव्हतं. तिथे त्या सतरंजीवर बसल्या बसल्या तुमचं ते वाक्य मला शब्दाला शब्द आठवलं. तुम्ही म्हणाला होतात, "ज्याची वाट पाह्यतो तेच आयकू येते बाई."

मी उठले आणि रंग लावला. कोणाला काही समजावलं नाही. सुमननं आरसा धरला.

वडशाहून त्या नरेश प्रॉम्प्टरला बोलावून तुमच्या जागेवर बसवलं. चांगला आहे, आवाज स्वच्छ आहे. पण तुम्ही माझ्या श्वासासाठी थांबायचात तसं त्याला कसं माहीत असणार? पहिल्या अंकात मी सारखी अडखळले. त्याचं वाक्य आलं की मला वाटे हे माझं नाही. तुम्ही विंगेत येऊन रोज म्हणायचात, "जा बाई, मी हावो," आणि मग खाली जाऊन बसायचात. परवा तसं कोणी म्हटलं नाही. मी स्टेजवर गेले ती आपली आपण गेले. लोकांनी सांभाळून घेतलं. ताप आला, बिबट आला, माणसं गेली, आणि लोक हलले नाहीत. तुमच्या गावचे होते, ज्याच्या त्याच्या घरातलं कोणी ना कोणी त्या साली गेलेलं.

तांबडं फुटताना खळ्याचा प्रवेश संपला. मी एकटी उभी. नरेशनं संहिता मिटली. मी ठरवलं होतं तसंच, इथे पडदा. पडदा ओढणारा माझ्याकडे पाहत होता. आणि मी हातानं त्याला थांब म्हटलं. लुगडं सावरून स्टेजच्या पुढून खाली उतरले. नरेशला म्हटलं, "ऊठ. जराक बाजूले हो." तो घाबरून उठला. मी तुमच्या जागेवर बसले, लोकांकडे पाठ करून, जशी तुमची असायची.

संहिता मांडीवर होती, मी काढलेला प्रवेश तिच्यात तसाच होता, पण चष्मा रंगाच्या खोलीत राहिला होता. काही दिसत नव्हतं. बाकीच्या नटांना मी हातानं बोलावलं. झाडीचे नट ते. त्या जागेवरून जे येईल ते करायचं, एवढंच त्यांना ठाऊक. ते एकेक येऊन उभे राहिले, मध्ये मध्ये जागा सोडून. मी मोठ्यानं हाक मारली, तुम्ही वाचली होती तशी.

"सोनबा, हाव का?"

स्टेजवरून "हाव" आलं.

"भिवा, हाव का?"

भिवाची जागा मोकळी होती. तिथे तुम्ही शांतता लिहिली होती. मी थांबले. तेवढ्यात माझ्या पाठीमागून, त्या म्हातारीच्या दिशेनं, "हाव" आलं. मग आणखी कोणीतरी म्हटलं. मी पुढचं नाव घेतलं, तेही मेलेल्याचंच, आणि आख्खी सतरंजी "हाव" म्हणाली. मग त्यामागची. मागे कडेला मोटारसायकलींवर बसलेल्यांपर्यंत ते गेलं. ज्या जागेवरचा आवाज झाडीतल्या माणसानं कधी ऐकलाच नाही, त्या जागेला सारं गाव उत्तर देत होतं.

तुमच्या गावात त्या साली दंडार झाली होती की नाही, ते मला अजून माहीत नाही. त्यावर मी तुमच्याशी पुन्हा भांडेन. पण तिथे एवढं झालं की माझं डोकं साफ रिकामं झालं. मेलेल्याच्या नावाला "हाव" आलं तर पुढे काय, ते तुम्ही लिहिलंच नव्हतं. तुम्ही उत्तर धरलंच नव्हतं ना भाऊ. नट माझ्याकडे पाहत होते, लोक थांबले होते, आणि मला पुढचं वाक्य सुचेना. मग मी तेच केलं जे अशा वेळी उभी उमर करत आले. वाक्यासाठी प्रॉम्प्टरच्या जागेकडे पाहिलं.

तिथे मीच बसले होते.